सत्तावन्न किलोंचा माणूस

माझं गाव वाळवा तालुक्यातलं आणि आजोळ कराडच्या पलीकडे, कृष्णाकाठी. म्हणजे आजच्या हिशेबाने मी निम्मा सांगलीचा आणि निम्मा साताऱ्याचा. माझ्या आजोबांना, आईच्या वडिलांना, हा हिशेब शेवटपर्यंत पटला नाही. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा निघाला, १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळालं, हे सगळं त्यांच्या लेखी कागदावरचं. नदी एक, ऊस एक आणि तालमीतली माती एक, मग जिल्हे दोन कशाला, असा त्यांचा सवाल असे.

त्या मातीत मला वयाच्या दहाव्या वर्षी उतरवण्यात आलं. सुट्टीला आजोळी गेलो की पहाटे आजोबा उठवायचे आणि तालमीत नेऊन सोडायचे. हौद्यातली तांबडी माती, तिच्यात मुरलेला ताक, हळद, तेल, लिंबाचा वास, कोपऱ्यात शेंदूर लावलेला मारुती, हे सगळं मला फार आवडायचं. मी मात्र तिथे कुणाला आवडत नव्हतो. अंगावर मांस म्हणून नाही, लंगोटसुद्धा कमरेवर टिकत नसे. वस्तादांनी दोन-तीन सुट्ट्या माझी वाट पाहिली आणि मग आजोबांना बाजूला घेऊन, पोरगं हुशार आहे, शाळेत घाला, असं काहीसं सांगितलं असावं. त्या दिवशी घरी परतताना मी रडत होतो. आजोबांनी समजूत घातली नाही. बैलगाडी हाकता हाकता त्यांनी मला गोळेश्वरच्या खाशाबांची गोष्ट सांगितली. ती गोष्ट मी पुढे त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकली याची मोजदाद नाही. पुष्कळ वर्षांनी मी ती पुस्तकांशी आणि कात्रणांशी ताडून पाहिली, तेव्हा आजोबांनी मीठमसाला अगदीच थोडा घातला होता असं लक्षात आलं. (एका बाबतीत मात्र शंका राहिली. ती शेवटी सांगतो.)

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी, कराडला खेटून असलेल्या गोळेश्वर गावी झाला. पाच भावांतले ते धाकटे. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळे पोराला मातीची ओळख पाळण्यातच झाली म्हणायची. पाचव्या वर्षापासून वडिलांनी त्याच्याकडून मेहनत करून घेतली. पण अंगापिंडाने मुलगा लहान. आपल्याकडे पैलवान म्हटलं की डोळ्यांसमोर उभा राहतो तो दरवाजात न मावणारा गडी. फड मारायचा तो असल्याच गड्याने. जत्रेतल्या मैदानात कुस्त्या जोड बघून लावायच्या. वजनकाटा नसायचा, पंचांची नजर हाच काटा. बारीक चणीच्या पोरांच्या वाट्याला सकाळच्या रेवड्या-बत्ताशांवरच्या कुस्त्या यायच्या. संध्याकाळी उन्हं उतरल्यावर हलगी कडाडायला लागली, की मैदान मोठ्यांचं. खाशाबा या हिशेबाने रेवडीच्या कुस्तीतच राहायचे. राहिले नाहीत, कारण अंगात जे वजन नव्हतं ते त्यांनी चपळाईने भरून काढलं. समोरच्याची मान काखेत धरून त्याला फेकायचा ढाक हा त्यांचा आवडता डाव. माणूस जितका जड तितका तो त्या डावात जोरात पडतो, असं आजोबा हाताने करून दाखवत, आणि मान नेमकी माझी असे.

कराडच्या टिळक हायस्कुलात १९४० ते ४७ अशी त्यांची शाळा झाली. याच शाळेत त्यांच्याआधी काही वर्षं यशवंतराव चव्हाण शिकून गेले होते. हा काळ साताऱ्याच्या इतिहासातला धगधगता. बेचाळीसची चळवळ, पाठोपाठ क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार, भूमिगतांना लपवणारी घरं, रात्रीबेरात्री उसातून जाणारी माणसं. शाळकरी खाशाबाही त्यात होते. भूमिगतांना आसरा देणं, त्यांची पत्रं इकडून तिकडे पोचवणं ही कामं त्यांनी केली. धावण्यात, पोहण्यात तरबेज असलेल्या आणि चटकन नजरेत न भरणाऱ्या पोराला ही कामं सोपी गेली असतील, असं मला वाटतं. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, तेव्हा आपला तिरंगा ऑलिंपिकमध्ये चढलेला पाहायचा, असं त्यांनी मनाशी ठरवलं म्हणतात. त्या दिवशी पुष्कळांनी पुष्कळ काही ठरवलं असेल. हा गडी मात्र त्यामागे लागला.

पुढचं शिक्षण कोल्हापूरला, राजाराम महाविद्यालयात. कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पंढरी. शाहू महाराजांनी घातलेल्या पायावर उभी राहिलेली तिथली तालीम संस्था अजून भरात होती. पण महाविद्यालयात त्यांचं स्वागत कसं झालं, तर वार्षिक स्पर्धेत नाव द्यायला गेले तेव्हा क्रीडाशिक्षकांनी त्यांची चण पाहून नाव घ्यायलाच नकार दिला. खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले. प्राचार्यांनी त्यांना उतरू दिलं, आणि त्यांनी एकामागून एक मल्ल लोळवले. माझ्या तालमीतल्या फजितीनंतर आजोबांनी ही हकीकत जरा जास्तच रंगवून सांगितली होती, हे आता कळतं. कोल्हापुरात बाबूराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी यांनी त्यांच्या कुस्तीला आकार दिला.

१९४८ साली लंडनला ऑलिंपिक भरलं. दुसऱ्या महायुद्धामुळे बारा वर्षं बंद पडलेला खेळ पुन्हा सुरू झाला, आणि स्वतंत्र भारताचं ते पहिलंच ऑलिंपिक. खाशाबांची निवड झाली. जाण्याचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तिथे गेल्यावर जी गोष्ट कळली ती अशी, की आपण ज्याला कुस्ती म्हणतो ती ही नव्हेच. आपली कुस्ती तांबड्या मातीवरची. पाठ जमिनीला लागली, आस्मान दिसलं, की निकाल. तोवर अर्धा तास लागो की तास, गुण नाहीत आणि घड्याळ नाही. लंडनला पायाखाली गादी, समोर घड्याळ आणि बाजूला गुण लिहिणारे तीन पंच. मातीत पाय रुततो, गादीवर तो सरकतो. मातीवर दम खाऊन, खडाखडी करून, समोरच्याला जोखता येतं. गादीवर तेवढ्या वेळात तो गुण घेऊन मोकळा. बावीस वर्षांच्या खाशाबांनी गादीवरची खरी लढत पहिल्यांदा तिथे अनुभवली. रीस गार्डनर या माजी विजेत्या अमेरिकन मल्लाने तिथे त्यांना थोडंफार शिकवलं. तेवढ्या तुटपुंज्या तयारीवर त्यांनी फ्लायवेट, म्हणजे ५२ किलोच्या गटात ऑस्ट्रेलियाच्या आणि अमेरिकेच्या मल्लांना हरवलं. इराणच्या मन्सूर रईसीपुढे ते हरले. क्रमांक आला सहावा. गादी पहिल्यांदा पाहणाऱ्याने जगात सहावं यावं, हे माझ्या मते पुढच्या पदकापेक्षा फारसं कमी नाही. पण सहाव्याला कुणी हार घालत नाही.

परत आल्यावर चार वर्षं त्यांनी दुसरं काही पाहिलं नाही. वजन थोडं वाढवून ते बँटमवेट, म्हणजे ५७ किलोच्या गटात आले. १९५२ चं ऑलिंपिक फिनलंडच्या राजधानीत, हेलसिंकीला होतं. आणि इथे, गादीवर पाय ठेवण्याआधीच, दोन अडचणी उभ्या राहिल्या.

पहिली निवडीची. निवडीच्या स्पर्धेत निरंजन दास या मल्लापेक्षा त्यांना एक गुण कमी मिळाला आणि हेलसिंकीचं दार बंद झालं. गुणदानात आपल्यावर अन्याय झाला अशी खाशाबांची तक्रार होती. ती घेऊन ते पतियाळाच्या महाराजांपर्यंत गेले. महाराज स्वतः खेळातले जाणकार आणि ऑलिंपिक संघटनेचे प्रमुख. त्यांनी दोघांची पुन्हा कुस्ती लावली. या वेळी गुण मोजायचा प्रश्नच आला नाही, खाशाबांनी निरंजन दासला चीत केलं.

दुसरी अडचण पैशांची, आणि ही चीत होणारी नव्हती. १९४८ साली मागे कोल्हापूरचं संस्थान उभं होतं. १९४९ साली ते मुंबई राज्यात विलीन झालं. पैलवानाला पोसणारा राजा गेला होता, आणि त्याची जागा घेणाऱ्या सरकारला पैलवान पोसायची सवय अजून लागायची होती. माझ्या समजुतीप्रमाणे खाशाबांच्या आयुष्यातली पुढची बरीच ओढाताण या एका फटीतून आली. सरकारदरबारी त्यांनी हेलपाटे घातले. कराडमधल्या दुकानदारांपुढे, गोळेश्वरच्या गावकऱ्यांपुढे हात पसरला. कुणी रोख दिलं, कुणी वाटेसाठी सामान दिलं. ज्याच्या एका डावाने माणूस आकाश पाहतो, त्याने दारोदार जाऊन रुपया-दोन रुपये गोळा करायचे, हे चित्र काही मला नीट पाहवत नाही.

एवढं करूनही पैसे पुरेनात. तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य, बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर पुढे झाले. त्यांनी आपलं राहतं घर गहाण टाकलं आणि सात हजार रुपये उभे केले. वाचकहो, १९५२ सालचे सात हजार. शाळामास्तरांच्या कित्येक वर्षांच्या पगाराइतकी ही रक्कम. मुलगा नात्याचा नाही, पदक मिळेल याची खात्री नाही, आणि सहावा आलेला खेळाडू पुन्हा सहावाच आला असता तर बँकेने घर सोडलं नसतं. आजोबा ही गोष्ट सांगताना इथे थांबायचे आणि आजीकडे बघायचे. आजी म्हणायची, म्हणजे तिचा सूर असा असायचा, की प्राचार्यांच्या मंडळींना कुणी विचारलं होतं का? हा प्रश्न मला तेव्हा गैरलागू वाटायचा. माझं स्वतःचं घर झालं, त्यावर कर्ज चढलं, तेव्हापासून तो प्रश्न मला खर्डेकर सरांच्या मोठेपणाइतकाच खरा वाटायला लागला आहे.

हेलसिंकीला त्यांच्यासोबत कोल्हापूरचेच केशव माणगावे होते. तेही कुस्तीत उतरले आणि पदकाच्या अगदी जवळ जाऊन आले. खाशाबांनी सुरुवात तडाख्याने केली. कॅनडाचा पोलिकिन, मेक्सिकोचा बासुर्तो, जर्मनीचा श्मिट्झ, एकापाठोपाठ एक त्यांनी बाजूला केले. मातीत तयार झालेला ढाक आता गादीवर चालत होता. मग समोर आला जपानचा शोहाची इशी. युद्धातल्या पराभवानंतर जपानला १९४८ च्या ऑलिंपिकला बोलावलंच नव्हतं, त्यामुळे जपानी खेळाडू हेलसिंकीला वेगळ्याच ईर्ष्येने आले होते. इशी मूळचा ज्युदोतला. ही कुस्ती लांबली आणि खाशाबा गुणांवर हरले. त्या ऑलिंपिकमध्ये जपानला एकच सुवर्ण मिळालं, ते याच इशीचं. तेव्हा हरले ते कुणा सोम्यागोम्याशी नव्हे.

यानंतर जे घडलं, त्याची चुटपुट आमच्या भागात अजून आहे. इशीशी झालेली दमवणारी कुस्ती संपते न संपते तोच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद ममदबेयोवशी लढायला उभं केलं गेलं. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्धा तास विश्रांती मिळाली पाहिजे असा नियम होता. पण तो नियम दाखवून हट्ट धरायला भारताचा एकही पदाधिकारी तिथे हजर नव्हता. खाशाबांना परक्या भाषेत भांडण करता येत नव्हतं. दमलेल्या अंगाने ते उभे राहिले आणि हरले. ममदबेयोवला रौप्य, खाशाबांना कांस्य. तारीख होती २३ जुलै १९५२.

विश्रांती मिळाली असती तर ममदबेयोव हरलाच असता, असं मी म्हणणार नाही. सोव्हिएत मल्ल गादीवरच तयार झालेले होते. आजोबा मात्र म्हणत, आणि गावातले सगळेच म्हणत. मला सलतं ते वेगळं. गुरूने घर गहाण टाकलं, गावाने रुपया रुपया दिला, आणि ज्यांच्यावर फक्त तिथे हजर राहण्याची जबाबदारी होती ते हजर नव्हते.

तरीही स्वतंत्र भारताच्या खेळाडूने एकट्याच्या बळावर मिळवलेलं ते पहिलं ऑलिंपिक पदक होतं. त्याच हेलसिंकीत आपल्या हॉकी संघाने सुवर्ण जिंकलं आणि देशाचं लक्ष साहजिकच तिकडे गेलं. कराडने मात्र हिशेब वेगळा केला. कराडच्या रेल्वे स्टेशनवर लोक लोटले. पुढे गोळेश्वरच्या शिवेपासून महादेवाच्या देवळापर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी पंधरा मिनिटांत चालून जायचं ते अंतर, त्या दिवशी सात तास लागले. ढोल, लेझीम, गुलाल, बैलांच्या शिंगांना बेगड. आजोबांची गाडी त्या १५१ मध्ये होती. निदान ते तसं सांगत.

मिरवणुकीचा गुलाल अंगावरून उतरल्यावर खाशाबांनी काय केलं? कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतः लढले, आणि जमलेल्या पैशांतून खर्डेकर सरांचं गहाण पडलेलं घर सोडवलं. मला विचाराल तर त्यांच्या आयुष्यातला सर्वांत देखणा डाव हाच. पदक त्यांनी देशाला दिलं असं आपण म्हणतो, ते ठीकच. पण ऑलिंपिकवरून आलेला वीर पुन्हा मातीत उतरतो तो इनामासाठी, आणि ते इनाम स्वतःच्या घरी न नेता मास्तरांच्या दारात नेऊन ठेवतो, याला तोड नाही.

पुढची हकीकत थोडक्यात सांगण्यासारखी आहे, कारण तीत सांगण्यासारखं फार काही घडू दिलं गेलं नाही. १९५५ साली ते मुंबई राज्याच्या पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून लागले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकची तयारी करताना गुडघा दुखावला आणि तो रस्ता संपला. पोलिसांच्या स्पर्धा त्यांनी गाजवल्या, तरुणांना शिकवलं. सत्तावीस वर्षं नोकरी केली. बढत्या सावकाश आल्या, निवृत्त झाले तेव्हा ते सहाय्यक पोलीस आयुक्त होते. निवृत्तीनंतर हक्काच्या पेन्शनसाठीही त्यांना झगडावं लागलं. १९८२ च्या दिल्ली एशियाडच्या मशाल-दौडीत त्यांना धावण्याचा मान मिळाला.

या मधल्या काळात आमच्या भागातली कुस्ती काही थंडावली नव्हती. शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर, कवठेपिरानचे मारुती माने, हे दोघे हिंदकेसरी झाले आणि १९६२ च्या जकार्ता एशियाडमधून पदकं घेऊन आले. कुंडलच्या मैदानाला माणसं मावत नव्हती. पण हे सारे भरदार गडी. बारक्या चणीच्या मल्लाचं नाव घ्यायचं झालं की बोट पुन्हा गोळेश्वरकडेच जाई.

१४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात खाशाबा गेले. वय अवघं अठ्ठावन्न. मी तेव्हा सांगलीत नोकरीला होतो. ही बातमी मला दोन दिवसांनी, आजोळी फोन नव्हता म्हणून पोस्टकार्डाने कळली. आजोबांनी कार्डावर बाकी ख्यालीखुशाली नेहमीसारखी लिहिली होती आणि खाली एका ओळीत हे.

गेल्यानंतर मात्र मान यायला लागले. नव्वदीच्या सुरुवातीला राज्याचा शिवछत्रपती पुरस्कार मरणोत्तर, मग केंद्राचा अर्जुन पुरस्कार, तोही मरणोत्तर. अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाला. म्हणजे खाशाबा हयात असताना तेवीस वर्षं तो दरवर्षी कुणाला ना कुणाला मिळत होता. त्यांच्या पदकानंतर भारताला पुढचं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला चव्वेचाळीस वर्षं लागली. १९९६ साली अटलांटात लिअँडर पेसने टेनिसमध्ये ते मिळवलं, आणि त्या आठवड्यात पुष्कळ घरांतल्या मुलांनी खाशाबांचं नाव पहिल्यांदा ऐकलं. कुस्तीत तर सुशील कुमारपर्यंत, म्हणजे २००८ पर्यंत, छप्पन्न वर्षं थांबावं लागलं. २०१० साली दिल्लीतल्या इंदिरा गांधी संकुलातल्या कुस्तीच्या जागेला त्यांचं नाव दिलं गेलं. गोळेश्वरला त्यांच्या नावाने कुस्ती केंद्र उभारण्याची घोषणा झाली, ती मात्र इतकी रेंगाळली की २०१७ साली घरच्यांवर, पदकाचा लिलाव करून आम्हीच केंद्र उभारतो, असं जाहीर करण्याची पाळी आली. एका पदकापायी आधी घर गहाण पडलं आणि पासष्ट वर्षांनी घरासाठी नव्हे तर तालमीसाठी पदक विकायची भाषा करावी लागली, हे वाचून त्या रात्री मला जेवण गेलं नाही. आता १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्राचा क्रीडा दिन म्हणून पाळला जातो.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्य जिंकलं. महाराष्ट्राच्या खेळाडूचं ते खाशाबांनंतरचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, तब्बल बहात्तर वर्षांनी आलेलं. त्या संध्याकाळी मी टीव्हीसमोर बसलो होतो. माझा नातू, अंगाने थेट माझ्यावर गेलेला, शेजारी होता. मला आजोबांसारखी बैलगाडी हाकत गोष्ट सांगता येत नाही, पण सोफ्यावर बसून का होईना, सांगितली. ढाक दाखवायला त्याची मान काखेत धरली तर सूनबाई ओरडल्या.

गोष्ट १५१ गाड्यांपर्यंत आली तेव्हा मी थबकलो. कारण ती शंका. आजोबा गेल्यानंतर एकदा आजीने मला सांगितलं होतं, की त्या पावसाळ्यात आमचा एक बैल पायाने अधू झाला होता आणि गाडी जुंपलीच नव्हती. आजोबा पहाटे उठून चिखलातून पायीच गेले होते, आणि रात्री उशिरा डोक्यापासून पायापर्यंत गुलालात माखून आले. नातवाला मी गाडीच सांगितली.